शेवटच्या खरेदीचा हिशेब

(पुणे येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. व्याख्यात्यांनी तो स्वतः तपासून दिला आहे.)



संयोजकांनी मला ‘ग्राहक आणि बाजारपेठ’ हा विषय दिला आहे. चौतीस वर्षे महाविद्यालयात हाच विषय शिकवल्यामुळे त्यावर तासभर बोलणे मला अवघड नव्हते. परंतु त्या चौतीस वर्षांत वर्गात जिचा मी एकदाही उल्लेख केला नाही आणि जिच्यात मी स्वतः साफ नापास झालो, अशा एकाच खरेदीविषयी आज बोलावे असे मी ठरवले आहे. माणूस गेल्यावर त्याच्या देहाची व्यवस्था लावण्यासाठी जे विकत घ्यावे लागते, ती ही खरेदी. विषय काहींना अमंगळ वाटेल. आपल्याकडे असे कुणी बोलू लागले की घरातली वडीलधारी माणसे ‘शुभ बोल नाऱ्या’ म्हणून गप्प करतात. मलाही तसेच गप्प केले गेले होते आणि त्याची किंमत पुढे डॉलरमध्ये मोजावी लागली.

माझे थोरले बंधू १९७९ साली अभियंता म्हणून अमेरिकेस गेले आणि न्यू जर्सी राज्यात स्थायिक झाले. २०१८ च्या नोव्हेंबरात मी त्यांच्याकडे गेलो असताना एका शुक्रवारी संध्याकाळी रुग्णालयात त्यांचे निधन झाले. वहिनी, पुतण्या आणि मी असे तिघे खोलीबाहेर उभे होतो. थोड्या वेळाने एक परिचारिका आली आणि अतिशय सौम्य आवाजात तिने विचारले, “कोणत्या फ्युनरल होमला कळवायचे?”

फ्युनरल होम म्हणजे काय, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. अमेरिकेत माणूस गेला की व्यवहारात त्याचा देह सहसा घरी येत नाही. रुग्णालयातून तो एका परवानाधारक खासगी संस्थेच्या ताब्यात जातो. देह नेणे, शीतगृहात ठेवणे, सरकारी कागदपत्रे करणे, अंत्यदर्शनासाठी दालन देणे, शवपेटी विकणे, दफनभूमीशी किंवा दाहगृहाशी वेळ ठरवणे, ही सर्व कामे ती संस्था करते आणि प्रत्येक कामाचा दर लावते. आपल्याकडे जे काम शेजारी, नातेवाईक, भटजी आणि नगरपालिका यांच्यात वाटलेले असते, ते तेथे एका दुकानात मिळते. मी दुकान म्हणतो. ते लोक म्हणत नाहीत.

दादांनी घराचा विमा, गाडीचा विमा, निवृत्तिवेतनाचे कागद, सर्व काही फायलींत नीट लावून ठेवले होते. या एका प्रश्नाचे उत्तर कोणत्याच फायलीत नव्हते. पुतण्याने हातातल्या फोनवर पाहिले आणि जे सर्वांत जवळचे दिसले त्याचे नाव सांगितले. आमची निवड तेथेच संपली होती, हे मला फार नंतर कळले. देह एकदा एका संस्थेकडे गेला की तो तेथून काढून दुसरीकडे नेणे कायद्याने शक्य असते. पण शोकातला माणूस ते करीत नाही. त्याला तो मृताचा अपमान वाटतो, शिवाय नेण्याआणण्याचे पैसे दोनदा पडतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तेथे गेलो. गालिचा, मंद दिवे, टेबलावर कागदी रुमालांची पेटी. समोर बसलेले गृहस्थ साठीचे, सभ्य, आमच्यापेक्षाही हळू बोलणारे. त्यांनी प्रथम माझ्या हातात चार-पाच पानांचे दरपत्रक दिले. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने ते तेथल्या तेथे वाचावयास हवे होते. मी ते घडी करून कोटाच्या खिशात ठेवले. वहिनी शेजारी बसल्या होत्या. ज्यांच्या नवऱ्याचा देह भिंतीपलीकडे आहे, त्यांच्यादेखत आकडे वाचत बसणे मला असभ्य वाटले.

मग शवपेट्यांचे दालन. पातळ पत्र्याची एक, साध्या लाकडाची एक, चेरीच्या लाकडाची चकचकीत एक, आणि पलीकडे आणखी भारी. त्या गृहस्थांनी एकदाही आग्रह केला नाही. त्यांनी एवढेच विचारले, “तुमच्या बंधूंना काय आवडले असते?” मित्रहो, दादांना काय आवडले असते? गिरणगावातल्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत वाढलेल्या माणसाने शवपेटी हा शब्दच मुळी उच्चारला नव्हता. पण पुतण्याने माझ्याकडे पाहिले, मी वहिनींकडे पाहिले, आणि आम्ही मधली पेटी घेतली. सर्वांत स्वस्त घेतली तर लोक काय म्हणतील ही भीती, सर्वांत महाग घेण्याची ऐपत नाही, म्हणून मधली. रंगीत दूरदर्शन संच घेताना माणूस असेच करतो. अंत्यदर्शन ठेवायचे म्हणून एम्बामिंगच्या कागदावर, म्हणजे देह टिकवण्यासाठी त्यात रसायने भरण्याच्या परवानगीवर, पुतण्याने सही केली. मंगळवारी दहन झाले. ती पॉलिश केलेली पेटी दादांबरोबर भट्टीत गेली. बिल नऊ हजार डॉलरच्या वर झाले.

त्या रात्री घरात सगळे निजल्यावर मी खिशातले दरपत्रक उघडले. तिसऱ्या पानावर लिहिले होते की अंत्यदर्शनापुरती पेटी भाड्याने मिळते. आतले साधे खोके तेवढे देहाबरोबर जाळतात. शेवटच्या पानावर आणखी एक ओळ होती : अंत्यदर्शन नाही, एम्बामिंग नाही, साध्या खोक्यातून देह सरळ दाहगृहात, याला ते ‘थेट दहन’ म्हणतात. दर अडीच हजारांच्या आत. घरी प्रार्थना करून, फुले वाहून, दाहगृहात चार माणसांनी उभे राहून आम्ही तेवढ्यातच सर्व काही करू शकलो असतो. आम्हाला हवे होते तेही तेवढेच.

त्या गृहस्थांनी मला फसवले नाही, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. कायद्याने जे सांगावयास हवे ते सर्व त्यांनी छापून माझ्या हातात दिले होते. फसलो तो मी, आणि माझे शास्त्र. ग्राहक सार्वभौम आहे, तो चार ठिकाणी भाव विचारतो, गुण पारखतो, महाग वाटले तर घेत नाही, हे मी पिढ्यान्‌पिढ्या मुलांना शिकवले. या खरेदीत घेणारा आयुष्यात एक-दोनदाच गिऱ्हाईक होतो, विकणारा रोज विक्रेता असतो. माल परत करता येत नाही. खरेदी लांबणीवर टाकता येत नाही. ज्याच्यासाठी घ्यायचे तो मत देऊ शकत नाही, आणि जो पैसे देतो त्याची बुद्धी त्या दिवशी जागेवर नसते. त्यावर कडी म्हणजे किंमत हेच येथे प्रेमाचे माप होऊन बसते. थॉर्स्टिन व्हेब्लेनने १८९९ साली दिखाऊ उपभोगाचा सिद्धांत मांडला तो श्रीमंतांच्या संदर्भात. पण मेलेल्या माणसापुढे कंजूष ठरण्याची भीती गरिबाला अधिक असते. म्हणून या बाजारात ऐपत जितकी कमी तितकी घासाघीस करण्याची हिंमतही कमी.

हे ओळखणारे पहिले लोक अर्थशास्त्रज्ञ नव्हते. कॅलिफोर्नियात रॉबर्ट ट्रुहाफ्ट नावाचे कामगार संघटनांचे वकील होते. कामगार मेला तर त्याच्या कुटुंबास काही रक्कम मिळावी म्हणून संघटना झगडून करार करीत, आणि ती रक्कम विधवेच्या हाती राहण्याऐवजी जवळजवळ जशीच्या तशी अंत्यविधीवाल्याच्या बिलात जाते, हे त्यांच्या ध्यानात आले. बिल रकमेएवढेच कसे होते, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांच्या पत्नी जेसिका मिटफर्ड या इंग्लंडातील उमराव घराण्यात जन्मलेल्या आणि पुढे अमेरिकन कम्युनिस्ट पक्षात काम केलेल्या लेखिका. पतीच्या या प्रश्नातूनच त्यांचे ‘द अमेरिकन वे ऑफ डेथ’ हे पुस्तक १९६३ साली निघाले. एम्बामिंगची सक्ती कोणत्या कायद्यात आहे, असे त्यांनी विचारले आणि सर्वसाधारणपणे ती कायद्यात नाहीच, असे दाखवून दिले. ही प्रथा अमेरिकेत पसरली ती १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात, दूर पडलेल्या सैनिकांचे देह घरी पाठवण्याच्या गरजेतून. गरज संपली, दर राहिला.

पुस्तक निघाले आणि लगेच कायदा झाला असे मात्र घडले नाही. त्याला एकवीस वर्षे लागली. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाचा ‘फ्युनरल रूल’ १९८४ च्या एप्रिलअखेर अंमलात आला. माझ्या कोटाच्या खिशात जे दरपत्रक होते ते या नियमाचे अपत्य. प्रत्यक्ष येऊन चौकशी करणाऱ्यास बाबवार दरपत्रक दिलेच पाहिजे. दूरध्वनीवर विचारले तरी दर सांगितला पाहिजे. पेट्या दाखवण्याआधी पेट्यांचे दर दाखवले पाहिजेत. एम्बामिंग कायद्याने आवश्यक आहे अशी थाप मारता येणार नाही. थेट दहनासाठी शवपेटी घ्याच असे म्हणता येणार नाही. गिऱ्हाइकाने पेटी बाहेरून आणली तर ती नाकारता येत नाही, आणि १९९४ पासून त्यासाठी वेगळा आकारही लावता येत नाही.

चांगला नियम आहे. मला तो वाचवू शकला नाही, एवढीच त्याची मर्यादा नाही. त्याच नियमाने ‘मूलभूत सेवाशुल्क’ नावाची एक बाब मान्य केली आहे, जी गिऱ्हाइकाला नाकारता येत नाही आणि जिचा आकडा ठरवण्याचे स्वातंत्र्य पूर्णपणे विक्रेत्याकडे आहे. पेट्यांवरचा नफा कमी झाला की हा आकडा वाढवता येतो. दुसरी गोष्ट मालकीची. १९६२ साली ह्यूस्टन येथे स्थापन झालेली एक कंपनी आज अमेरिकेतील दीड हजारांच्या आसपास फ्युनरल होम चालवते. विकत घेतलेल्या घराण्याची जुनी पाटी बहुधा तशीच ठेवली जाते. गावकऱ्याला वाटते आपण आजोबांच्या ओळखीच्या माणसाकडे आलो. प्रत्यक्षात नफा भागबाजारात जातो. दरपत्रक पारदर्शक असते, मालक पडद्याआड असतो. त्या देशातील अंत्यविधी व्यावसायिकांच्या राष्ट्रीय संघटनेने २०२३ साठी दिलेले मध्यक आकडे सांगतो : अंत्यदर्शनासह दफन ८,३०० डॉलर, अंत्यदर्शनासह दहन ६,२८० डॉलर. यात दफनभूमीतील जागेचे पैसे धरलेले नाहीत. एकेकाळी तेथे दहन अपवादात्मक होते; आता निम्म्याहून अधिक लोक ते पसंत करतात. स्वस्त म्हणून लोक दहनाकडे वळले आणि बाजाराने दहनही महाग करून दाखवले.

या बाजाराला खरे उत्तर दिले ते लोकांनी एकत्र येऊन. सिॲटल शहरात १९३९ साली पीपल्स मेमोरियल असोसिएशन निघाली. सभासदांनी जिवंतपणी आपली इच्छा लिहून द्यायची, आणि संघाने सर्वांच्या वतीने एका व्यावसायिकाशी दर ठरवायचा. एकटी विधवा घासाघीस करू शकत नाही. काही हजार सभासदांचा संघ करू शकतो. इतकी साधी कल्पना. पुढे २००७ साली या संघाने स्वतःचे सहकारी फ्युनरल होमच काढले. शोकाच्या दिवशी सौदा करावाच लागू नये, तो आधी आणि सामुदायिकरीत्या झालेला असावा, हे त्यातले मर्म आहे. कामगार संघटना याहून निराळे काय करते?

इंग्लंडचा इतिहास याहून जुना आणि आपल्याला जवळचा. तेथील कामगारवर्गाने आठवड्याला पेनी-पेनी भरून जे पहिले निधी उभारले, त्यांत अंत्यविधीचे निधी महत्त्वाचे होते. त्यामागे भीतीही होती. १८३२ च्या शरीररचनाशास्त्र कायद्याने अनाथालयात मेलेल्या बेवारस गरिबाचा देह विच्छेदनासाठी वैद्यकीय शाळांना देण्याची सोय केली होती. उपाशी राहीन पण माझ्या दफनाचे पैसे बाजूला ठेवीन, असे तेथील म्हातारी माणसे म्हणत ती यामुळे. विमा कंपन्यांनी या भीतीवर घरोघर वसुलीचा मोठा धंदा केला. बेव्हरिज यांनी १९४२ च्या अहवालात या वसुलीतला खर्चाचा अपव्यय दाखवला आणि जन्मापासून मृत्यूपर्यंतच्या सामाजिक विम्यात अंत्यविधीचे अनुदानही धरले. मजूर पक्षाच्या सरकारने ते १९४९ पासून दिले, २० पौंड. १९६७ साली ३० झाले. महागाई वाढत गेली, अनुदान तेथेच राहिले, आणि १९८७ मध्ये ते रद्द होऊन गरिबी सिद्ध करणाऱ्यालाच मदत, अशी व्यवस्था आली. एखादी कल्याणकारी योजना मारायची असेल तर ती बंद करण्याची घाई लागत नाही. तिचा आकडा गोठवला की ती आपोआप हास्यास्पद होते. पुढे बाजार इतका महाग झाला की २०२१ साली ब्रिटनच्या स्पर्धा प्राधिकरणाला अंत्यविधी व्यावसायिकांनी दरपत्रक दुकानात आणि संकेतस्थळावर लावावे, असा आदेश काढावा लागला.

आता आपल्याकडे येतो. माझे वडील १९७४ साली परळच्या चाळीत वारले. गिरणीत कारकून होते. दादा तेव्हा शिकत होते, मी सोळा वर्षांचा. त्या दिवशी आम्हाला कुणी काहीही निवडावयास सांगितले नाही. तिसऱ्या खोलीतले जॉबरमामा उठले, रेशनच्या पावतीमागे यादी केली : बांबू, सुतळी, पांढरे कापड, मडके, गोवऱ्या, तूप. एक मुलगा बाजारात गेला, एक डॉक्टरांच्या दाखल्यासाठी, एक कामावरच्यांना कळवायला. तिरडी मामांनीच बांधली. खांदा बदलताना कुणी कुठे उभे राहायचे, तेही तेच सांगत होते. स्मशानात नगरपालिकेचा कारकून, त्याची वही, आणि लाकडाची वखार. खर्च किती झाला हे आईला तिसऱ्या दिवशी कळले, कारण तोवर तो चाळीच्या निधीतून झाला होता. आम्ही तो पुढे तीन महिन्यांत फेडला. माझ्या कोटाच्या खिशातले दरपत्रक आठवले की मला नेहमी ती रेशनची पावती आठवते.

भूतकाळाचे गोडवे गाण्यासाठी मी हे सांगत नाही. त्याच चाळीतल्या लोकांच्या गावी स्मशानेही जातवार होती आणि आजही पुष्कळ गावांत आहेत. दलितांच्या अंत्ययात्रेला वाट नाकारल्याच्या बातम्या आपण अजून वाचतो. ज्या गावी शेड नाही तेथे पावसाळ्यात पत्रे धरून सरण पेटवावे लागते. शासनाची जनसुविधा योजना आहे, तिच्यातून स्मशानशेडला पैसे मिळतात; किती गावांत शेड झाले आणि ते सर्वांना खुले आहे काय, हे पाहण्याचे काम कार्यकर्त्यांचे.

शहरांच्या बाबतीत मात्र आपल्याला एक ठेवा वारशाने मिळाला आहे आणि त्याची आपल्याला जाणीव नाही. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या अधिनियमात मृतांच्या विल्हेवाटीसाठी जागांची व्यवस्था हे महापालिकेच्या आवश्यक कर्तव्यांत, म्हणजे कलम ६१ मध्ये, धरलेले आहे. रस्ते, गटारे, पाणी यांच्याच पंक्तीला. म्हणजे ज्या गोष्टीसाठी अमेरिकन कामगाराला सहकारी संघ काढावा लागला आणि ब्रिटिश कामगाराला सरकार बदलावे लागले, ती येथे कायद्याने नागरी सेवा आहे. आपल्या वैकुंठात किंवा मुंबईच्या चंदनवाडीत उद्योगपती आणि हमाल एकाच आवारात जळतात. लाकडाच्या सरणाला साधारण तीनशे ते चारशे किलो लाकूड लागते. विद्युत किंवा गॅसदाहिनीत तोही खर्च नाही. हे फार मोठे सामाजिक भांडवल आहे. मात्र सार्वजनिक शाळा आणि सार्वजनिक दवाखाना यांचे जे झाले तेच याचेही होऊ शकते. दाहिनी बंद पडते, महिनोन्‌महिने दुरुस्त होत नाही. कर्मचारी कंत्राटी होतात. आणि मध्यमवर्ग म्हणू लागतो की पैसे घ्या पण सगळे नीट करून द्या. मुंबई-पुण्यात अशी ‘पॅकेज’ देणाऱ्या खासगी कंपन्या निघाल्याच आहेत. त्यांना मी दोष देत नाही. वीस मजली इमारतीत शेजाऱ्याचे नाव ठाऊक नसते, मुले परदेशी असतात, जॉबरमामा कुणाच्याच मजल्यावर राहिलेले नाहीत. जी जागा रिकामी होते ती कुणीतरी भरते. करोनाच्या साथीत, २०२०-२१ साली, हे आपण पाहिले. देह उचलायला घरचे माणूस नव्हते, महापालिकांच्या कामगारांनी रात्रंदिवस ते केले, आणि त्याच वेळी शववाहिकांनी अवाच्या सवा पैसे घेतल्याच्या तक्रारीही सर्वत्र होत्या. आपण त्या कामगारांवर फुले उधळली. त्यांच्यापैकी किती जण अजून कंत्राटावर आहेत, हे कुणी विचारले काय? नेत्याच्या अंत्ययात्रेत आपण घोषणा देत स्मशानापर्यंत जातो, सरण रचणाऱ्याच्या हातात मोजे आहेत की नाहीत ते न पाहता परत येतो. मीही आलेलो आहे.

येथे एक गैरसमज दूर करू. अंत्यविधीच्या खर्चाविषयी बोलू लागले की गरीब लोकांनी दहावे-तेरावे बंद करावे, म्हणजे कर्ज होणार नाही, असा उपदेश सुरू होतो. १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांनंतर नेमलेल्या आयोगासमोरही लग्नकार्यांवरील उधळपट्टी हेच रयतेच्या कर्जाचे कारण म्हणून मांडले गेले होते. आयोगाने मात्र त्या कारणाला नको इतके महत्त्व दिले जाते, असा निष्कर्ष काढला. दीडशे वर्षे होत आली तरी उपदेश चालूच आहे. गावजेवण न घालणाऱ्यावर बहिष्कार पडतो तेथे आपण त्याच्या बाजूने उभे राहिले पाहिजे. पण माणसाने आपल्या आईसाठी काही करावे असे त्याला वाटते, त्या वाटण्याची टिंगल करणे हे आपले काम नव्हे.

आता व्यवहाराचे थोडे. आपल्यापैकी अनेकांची मुले, भाऊ, बहिणी परदेशात आहेत. दर उन्हाळ्यात म्हातारे आईबाप तेथे जातात. जाण्यापूर्वी हा विषय काढा. तेथल्या माणसाला सांगा की दोन-तीन फ्युनरल होमना आजच दूरध्वनी करून थेट दहनाचा एकूण दर विचार. ‘एकूण’ हा शब्द महत्त्वाचा, कारण दाहगृहाचा आकार, वैद्यकीय अधिकाऱ्याच्या परवानगीचे शुल्क, मृत्युदाखल्याच्या प्रती, या बाबी पुष्कळदा वेगळ्या लावतात. दहनाच्या वेळी घरची किती माणसे उभी राहू शकतील, किती वेळ, दिवा लावता येईल काय, हेही आधी विचारावे. काही ठिकाणी मुलाला बटण दाबू देतात, काही ठिकाणी काचेमागून पाहावे लागते, आणि त्याचाही आकार असतो. छातीत पेसमेकर असेल तर तो आधी काढावा लागतो. ही गोष्ट ऐन वेळी कळली तर दहन अडते. आगाऊ पैसे भरून घेणाऱ्या योजना असतात, त्या गाव बदलल्यास हस्तांतरित होतात काय, हे वाचल्याशिवाय त्यात पैसे गुंतवू नयेत. आणि दुकानात जाताना घरातला सर्वांत कमी रडणारा माणूस बरोबर न्यावा. वहिनी आणि पुतण्या यांच्याबरोबर मी त्यासाठीच गेलो होतो, हे आठवून मला आजही ओशाळे वाटते.

येथे, आपल्या शहरात, मला दोन गोष्टी सुचतात. प्रत्येक स्मशानात सर्व सेवांच्या दरांचा, आणि ज्या मोफत आहेत त्या मोफत आहेत असा स्पष्ट फलक दारावर असावा. शववाहिकेचा दर आणि संपर्क त्यावर असावा. ही मागणी घेऊन वॉर्ड कार्यालयात जाण्यासाठी मोर्चाची गरज नाही, पाच माणसे पुरतात. दुसरी गोष्ट, आपल्या प्रत्येक शाखेत दोन-तीन कार्यकर्ते असे असावेत की ज्यांना रात्री दोन वाजता कुणीही उठवू शकेल : दाखला कुठे मिळतो, पास कुठे काढायचा, कोणती दाहिनी आज चालू आहे, हे ज्यांना ठाऊक आहे. जॉबरमामांचे काम संघटनेने करायचे. निवडणुकीच्या काळात घरोघर जाणाऱ्या कार्यकर्त्याला जे दार उघडत नाही ते अशा रात्रीनंतर उघडते, असे माझे एक जुने सहकारी म्हणत. त्यांचा हिशेब मला थोडा व्यापारी वाटे. पण ते काम मात्र ते मनापासून करीत.

देहदानाविषयी काही मित्रांनी विचारले आहे. १९४९ च्या मुंबई शरीररचनाशास्त्र अधिनियमापासून त्याला कायद्याची चौकट आहे. पण नुसता अर्ज भरून कपाटात ठेवल्याने देहदान होत नाही. वारसांची संमती लागते, काही तासांत महाविद्यालयास कळवावे लागते, आणि शवविच्छेदन झाले असेल किंवा काही संसर्गजन्य आजार असेल तर महाविद्यालय देह घेत नाही. म्हणून देहदान करणाऱ्यानेही, ते न जमल्यास काय करावे, हे लिहून ठेवावे.

आणि लिहून ठेवले तरी ते होईलच असे नाही, याचे मोठे उदाहरण आपल्याच पुण्यातले आहे. आपल्या देहाचे दहन न करता दफन करावे अशी इच्छा महात्मा फुले यांनी मृत्युपत्रात नोंदवली होती; घराजवळ जागाही तयार होती. १८९० च्या नोव्हेंबरात ते गेले तेव्हा नगरपालिकेने परवानगी दिली नाही आणि दहनच करावे लागले. टिटवे धरण्याच्या हक्कावरून भाऊबंदांनी वाद काढला तेव्हा सावित्रीबाई स्वतः टिटवे घेऊन पुढे चालल्या. मृत्युपत्रातले एक कलम नगरपालिकेने हाणून पाडले. पण त्या दिवशी पुण्याच्या रस्त्यावर जे घडले ते कुठल्याही कलमात लिहिलेले नव्हते. म्हणजे कागद हवाच, आणि त्या कागदामागे उभे राहणारे माणूसही हवे.

मी माझा कागद गेल्या वर्षी लिहिला. एक पान आहे. देहदान, ते न जमल्यास विद्युत किंवा गॅसदाहिनी, शवागारात वाट पाहत ठेवू नये, अमुक इतक्या रकमेपेक्षा जास्त खर्च करू नये, आणि ती रक्कम अमुक खात्यात आहे. कन्येच्या हातात दिला. तिने तो पाहिला, वाचला नाही, आणि “बाबा, चहा टाकते” म्हणून आत गेली. कागद अजून टेबलावरच आहे. परवा त्याच्यावर विजेचे बिल ठेवलेले दिसले. येत्या रविवारी मी पुन्हा विषय काढणार आहे.

प्रश्नोत्तरांसाठी अर्धा तास आहे, असे अध्यक्ष सुचवीत आहेत. मी थांबतो.